मूळव्याध नाही, ताई

११ ऑगस्ट २००४
एटापल्ली

ताई,

अक्षर ओळखून पत्र चुलीत टाकू नकोस. आधी वाच, मग टाक.

सहा वर्षं झाली. तू म्हणाली होतीस, "माह्या दारात पाय ठेवू नको," म्हणून ठेवला नाही. तुझ्या मुलाला, प्रवीणला, दिवाळीचा खाऊही पाठवला नाही. आता तो कॉलेजात असेल. गडचिरोलीला आहे असं कानावर आलं, खरं का?

मी अजून तिथंच आहे, एटापल्लीच्या पुढच्या उपकेंद्रात. बदली मागितली नाही. नर्सबाई म्हणून लोक ओळखतात, रात्री-बेरात्री बोलावतात, इथल्या आदिवासींच्या माडिया बोलीतलं आता बरंच समजतं. तब्येत ठीक आहे.

सहज लिहायला बसले. गेल्या महिन्यात एक पेशंट घेऊन नागपूरला गेले होते. येताना बस आरमोरीला दहा मिनिटं थांबली. तिथून तुझं गाव सहा किलोमीटर. उतरावंसं वाटलं, पण उतरले नाही.

एक विचारायचं होतं. तुझी तब्येत कशी आहे? गर्भपिशवीचं ऑपरेशन झाल्यावर तपासणीला जात असशीलच. परसाकडे जाताना काही त्रास होतो का? आग, खाज, रक्त? नर्स म्हणून विचारते, दुसरं काही नाही. दोन ओळी लिहून टाक. पोस्टकार्डही चालेल.

तुझी
रीता


३० ऑगस्ट २००४
एटापल्ली

ताई,

तुझं उत्तर नाही. नाल्याला पूर होता, आठ दिवस इकडे गाडीच आली नाही. त्यामुळे तुझं कार्ड कुठे अडकलं असेल, असं मनाशी धरून पुन्हा लिहिते.

मागच्या वेळी सहज लिहिलं असं म्हटलं होतं. ते सहज नव्हतं.

ज्या पेशंटला मी नागपूरला नेलं तिचं नाव जुरी. वारलूची बायको, चाळिशीची. चार वर्षांपूर्वी पिशवीच्या तोंडाला कॅन्सर निघाला म्हणून तिचं ऑपरेशन झालं होतं. बरी झाली, मोहफुलं वेचायला जाऊ लागली. मग या उन्हाळ्यात मागच्या जागेतून रक्त जायला लागलं. वारलू म्हणाला मूळव्याध आहे. पुजारी म्हणाला मूळव्याध आहे. आणि मीसुद्धा तेच म्हणाले, ताई. तीन महिने मी तिला मलम दिलं, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, तिखट खाऊ नको म्हणून सांगितलं. एकदाही हातमोजा घालून बघितलं नाही. तिलाही लाज, मलाही लाज.

जुलैत चौघांनी तिला खाटेवर घालून आणलं. बसता येत नव्हतं, झोपता येत नव्हतं, गुडघे आणि कोपरांवर टेकून होती. तेव्हा मी पाहिलं. ती मूळव्याध नव्हती.

नागपूरला डॉक्टर निशात म्हणून बाई आहेत, मूळच्या चंद्रपूरच्या. त्यांनी जुरीचे जुने कागद वाचले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, "सिस्टर, हिला आधी पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता, हे तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, "हो."

"मग तीन महिने कशाची वाट पाहिली?"

याच महिन्याच्या बावीस तारखेला जुरी गेली. शेवटचे दोन दिवस मी तिच्या झोपडीत होते. आजूबाजूच्या बायका बाहेर बसून होत्या, आत कोणी येत नव्हतं.

पुढचं पुढच्या पत्रात लिहीन. तू आधी एवढंच कळव, तुला तसलं काही आहे की नाही.

रीता


१४ सप्टेंबर २००४
एटापल्ली

ताई,

तू लिहीत नाहीस. तुझा राग मला मान्य आहे. पण आता मी सरळच लिहिते, कारण आडून लिहिण्यात महिना गेला.

डॉक्टर निशात यांनी मला त्या दिवशी तासभर बसवून समजावलं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, तोच विषाणू गुदद्वाराच्या आतही राहतो. दोन्ही जागा हातभरसुद्धा लांब नाहीत, आणि आतलं अस्तर सारखंच. ज्या बाईच्या पिशवीच्या तोंडाशी तो सापडतो, तिच्या मागच्या जागेतही तो पुष्कळदा सापडतो. यावर बाहेरच्या देशांत आत्ता-आत्ता अभ्यास होऊन राहिले आहेत. पिशवी काढली म्हणजे विषाणू गेला असं नाही. मागच्या जागेत तो वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. सगळ्यांना त्यातून कॅन्सर होत नाही, फार थोड्यांना होतो. पण ज्यांना आधी पुढे होऊन गेला, त्यांना मागे होण्याची भीती इतर बायकांपेक्षा जास्त असते. अशा बाईला रक्त आलं तर मूळव्याध म्हणून घरी बसायचं नाही.

मी विचारलं, "मॅडम, पण मागे कसा जातो? तसे संबंध..." माझी जीभ अडखळली.

त्या म्हणाल्या, "ऐसा कुछ करना ज़रूरी नहीं, सिस्टर. आपल्याच अंगावरून पसरतो. हातानं, धुताना, कसाही. कोणत्या बाईला असलं विचारून तिची अब्रू काढू नका."

अब्रूचा शब्द ऐकला आणि मला तुझं अंगण आठवलं.

ताई, त्या दिवशीचं मी कधी कोणाला सांगितलं नाही. १९९८ चा डिसेंबर. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तू दवाखान्यातून घरी आली होतीस, बाजेवर बसली होतीस. तुझ्या सासूनं विचारलं, "हा रोग कायनं होते वो?" मी नुकतीच ट्रेनिंग करून आले होते. दहा बायकांसमोर डॉक्टरासारखं बोलायची हौस होती. मी म्हटलं, "हा आपोआप होत नाही. पुरुषाच्या संबंधातून येते."

भाऊजी गोठ्याच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "मले त काई रोग नाई. मंग हिले कोनाकडून आला?"

तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. मला पुढचं माहीत नव्हतं, म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्यातून तुझी चूल वेगळी झाली, तुझं भांडं वेगळं झालं, तू त्या घरात राहून परकी झालीस.

ते पुढचं मी आता विचारून आले. लग्न झालेल्या बहुतेक सगळ्या माणसांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. पुरुषाला बहुतेक वेळा कळतही नाही, त्याच्या अंगावर काही दिसत नाही. पंधरा-वीस वर्षं दडून राहतो. कोणाकडून आला, कधी आला, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. भाऊजींकडूनही आला असेल, लग्नाआधी त्यांना कुठून आलेला. त्यात तुझं पाप नाही. हे मी सहा वर्षं उशिरा सांगत आहे.

एकदा नागपूरला चल. मी आरमोरीहून तुला घेते. बोटानं तपासतात, दोन मिनिटं लागतात.

रीता


४ ऑक्टोबर २००४
एटापल्ली

रामाजी भाऊजी,

हे पत्र मी तुमच्याच नावानं टाकत आहे, म्हणजे तुम्हाला दुसऱ्याचं फोडल्याचा त्रास नको.

शुक्रवारी मासिक मीटिंगसाठी गडचिरोलीला गेले होते. बसस्टँडवर तुमच्या शेजारची सुगंधाबाई भेटली. मी तिला विचारलं, "ताई कशी आहे?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "तुले आता आठवन आली काय वो रीता? इंदू म्हनते, साह वर्षात माह्या बहिणीनं एक कागद नाई टाकला."

मी म्हटलं, "दोन महिन्यांत तीन पत्रं टाकली."

"कोनत्या पत्त्यावर?"

मी पत्ता सांगितला. ती मग म्हणाली, "आमच्या गावचं टपाल पोस्टमन राईस मिलवरच ठेवते. रामाजीभाऊ घेऊन जाते साऱ्यायचं. एक दिवस मी कोंडा आनाले गेली तं तो पोत्याच्या आडून कागद वाचत बसला होता. मले पाहून खिशात कोंबला. मले वाटलं बँकेचा असन."

भाऊजी, तो बँकेचा नव्हता.

मग मी विचारलं, ताईची तब्येत कशी आहे. सुगंधाबाईनं सांगितलं ते तसंच लिहिते, तुम्ही रोज बघताच. धानाच्या रोवण्याच्या वेळी ताई बांधावर एका अंगानं बसत होती. मुखरू वैद्याची मूळव्याधीची पुडी श्रावणापासून सुरू आहे. सकाळी परसाकडे जावं लागू नये म्हणून ती रात्री जेवत नाही. लुगड्याला डाग पडतात, ते ती अंधारात नाल्यावर जाऊन धुते. सुगंधाबाईला म्हणाली, "माह्यं आता खालून सारं सडलं."

तुम्ही माझं ऑगस्टमधलं पत्र वाचलं. जुरीचं वाचलं, रक्ताचं वाचलं. आणि मग घरी जाऊन ताईला रात्री न जेवता झोपताना पाहिलं. तुमच्या मनात काय आलं असेल ते मला कळत नाही. तिसऱ्या पत्रात एक ओळ तुमच्याबद्दल होती. त्या ओळीसाठी तुम्ही बाकीच्या सगळ्या ओळी लपवल्या का?

मी कोण तुम्हाला बोलणारी? मी एकदा बोलले त्यातून हे सगळं झालं. म्हणून बोलायचं सोडून फक्त सांगते.

मंगळवारी, बारा तारखेला, सकाळी नऊच्या आधी तुम्ही ताईला घेऊन आरमोरीच्या बसस्टँडवर या. मी तिथं असेन. डॉक्टर निशात यांच्याशी बोलणं झालं आहे. जुने कागद असतील ते आणा.

नाही आलात, तर मी दहाच्या गाडीनं तुमच्या गावाला येईन. अंगणात उभी राहीन आणि मागच्यासारखीच सगळ्यांसमोर बोलेन. मागच्या वेळी अर्धं बोलले होते. या वेळी पूर्ण बोलेन.

रीता


१८ नोव्हेंबर २००४
एटापल्ली

ताई,

हे पत्र वॉर्डातल्या सिस्टरच्या नावानं पाठवत आहे. ती तुझ्या हातात देईल. पोलिओच्या डोसची ड्युटी लागली म्हणून मला तुला तिथं सोडून यावं लागलं. रेडिएशनच्या शेकाचे पंधरा दिवस झाले असतील. कातडी भाजल्यासारखी होते, ते आवडत नसलं तरी सांगत जा, मलम देतात. इंजेक्शनानं तोंडात फोड आले तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर. दहीभात मागवत जा, भाऊजी आणून देतील.

आरमोरीच्या स्टँडवर तुला बघितलं आणि मी ओळखलं नाही, हे तुला कळलं असेल. तू ओढणीसारखा पदर तोंडावर घेऊन खांबाला धरून उभी होतीस. मी पुढच्या बाईच्या तोंडाकडं बघत गेले. नागपूरपर्यंत बाकावर पोटावर पडून आलीस आणि एक शब्द बोलली नाहीस.

जे तू पाहिलं नाहीस ते सांगते.

तुला आत तपासायला घेतलं तेव्हा भाऊजी आणि मी बाहेर बाकावर होतो. त्यांनी शर्टाच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात माझी तिन्ही पत्रं होती. म्हणाले, "घे. तुह्यी तूच दे तिले."

मी म्हटलं, "काऊन लपवली?"

ते मग म्हणाले, "लग्नाच्या आधी मी बल्लारपूरले दोन साल कामाले होतो. खोलीवर चारपाच जन राहात होतो. तिकडं... जात होतो. अंगनात मी बोललो तवा मले त्याची याद बी नव्हती. तुह्या पत्रानं झाली. मले वाटलं, पत्र नाई देल्लं तं गोष्ट बी नाई होत."

"आणि तिचं रक्त?"

"मुखरूची पुडी चालू होती ना," म्हणाले, आणि रडायला लागले. मी त्यांना पाणी दिलं नाही. द्यायला हवं होतं, पण हात उठला नाही.

तेवढ्यात डॉक्टर निशात बाहेर आल्या. त्यांच्या तोंडावरूनच मला कळलं. तुला त्या म्हणाल्या, "गाठ आहे, तुकडा तपासू, शेकानं आणि इंजेक्शनानं बरी होते, कापावं लागत नाही." ते सगळं खरं आहे. ऑगस्टमध्ये आली असतीस तर याच्यापुढं काही बोलावं लागलं नसतं. तू साडी नेसत होतीस तेव्हा त्या मला बाजूला घेऊन जे म्हणाल्या, ते मी तुझ्यापासून महिनाभर लपवलं. डाव्या जांघेतही एक गाठ लागली आहे. म्हणजे रोग जागेवर राहिला नाही, निघाला आहे. शेक तिथंही देत आहेत, तुला ती खूण केलेली दिसली असेल. किती उपयोग होईल ते शेक संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी कळेल.

लपवणाऱ्यांत मी भाऊजींना धरते, तर मलाही धरायला हवं. म्हणून दुसरंही सांगते.

१९९८ ला तुला सुट्टी मिळाली तेव्हाचा कागद माझ्या पिशवीत होता. मीच दवाखान्यातून घेतला होता. अंगणातलं भांडण झालं आणि मी तीच पिशवी उचलून निघाले. एटापल्लीला येऊन उघडली तर त्यावर लिहिलेलं, दर सहा महिन्यांनी तपासणीला यावे. दोन-तीन रुपयांच्या तिकिटात पोहोचला असता. पहिले चार महिने रागात गेले. तूच आधी बोलशील म्हणून वाट पाहिली. नंतर लाज वाटायला लागली की इतके दिवस ठेवून घेतला. नंतर मी तो बघायचाच सोडला. ऑगस्टच्या पत्रात मी लिहिलं, "तपासणीला जात असशीलच." तू जात नाहीस हे मला माहीत होतं, कारण बोलावणं माझ्याच पेटीत होतं.

भाऊजींचे दोन महिने आणि माझी सहा वर्षं.

तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. शेक मात्र एक दिवसही चुकवू नकोस.

रीता

पत्रांची पिशवी सिस्टरजवळ ठेवली आहे. तारखेप्रमाणं लावून वाच.


९ मार्च २००५
ता. आरमोरी

रीता,

माह्यं अक्षर पाहून हासशील. सातवी सुटल्यावर मी लिवलंच कवा? प्रवीण लिवून देतो म्हने, म्या त्याले बाहीर पाठवलं. हे माह्यं मलेच लिवाचं हाये.

तुह्यी सारी पत्रं वाचली. वार्डात वाचली, इथी येऊन पुन्हा वाचली. जुरीचं वाचलं तवा लय रडली. ते बाई कोन, मले मालूम नाई, पन ते कोपरावर टेकून राह्यची ते मले समजते. मी बी तशीच राहात होतो.

कागदाचं वाचून तुह्या थोबाडीत मारावं वाटलं. अजून बी वाटते. भेटशील तवा मारीन.

तुह्या भावजीले म्या एकच गोष्ट विचारली. म्हटलं, काऊन लपवलं? तो म्हने, भेव लागला. म्या म्हटलं, मले साह वर्स भेव लागत होता, मले तं कोनी लपू नाई देल्लं. मले अंगनातच बसवलं होतं ना साऱ्यायनं. आता म्हनते चूल एक करू. मी नाई म्हनली. माही चूल माहीच राहू दे. त्याले खावाचं असन तं इथी येऊन बसावं, ताट धुऊन ठेवावं. येऊन राह्यला रोज. धुते बी.

सासू माह्या हातचं पानी पेते आता. कोनं सांगितलं तिले, मले नाई मालूम. त्यानंच सांगितलं असन. ते बी बल्लारपूरचं सांगितलं का नाई, म्या नाई विचारलं.

सुगंधाबाईचं बी पिशवीचं आपरेशन झालं होतं, तुले आठवते का? तिचं कॅन्सरचंच होतं, तिनं कोनाले सांगितलं नव्हतं. म्या तिले तुह्यं तिसरं पत्र वाचून दाखवलं. दार लावून. ऐकून ते म्हने, "मले तं रक्त नाई जात." म्या म्हटलं, "मले बी आधी नव्हतं जात." दुसऱ्या दिवशी तयार झाली. मंगळवारच्या गाडीनं जाऊन आली. तिले काई नाई निघालं. डाक्टरबाई म्हने साल-साल येत जा. घरी येऊन ते माह्या गळ्यात पडून रडली, आन मंग लाजली, का आपलं काई नाई निघालं अन इंदूचं निघालं. म्या तिले म्हटलं, गप राय, च्या ठेव.

आता ज्याच्यासाठी लिवायले बसली ते लिवतो.

मागची जागा सुकली. रक्त नाई. जेवतो, बसतो, दोन्ही अंगानं बसतो. डाक्टरबाईनं जानेवारीत पाहिलं तं म्हने चांगलं हाये. जांघेतली गाठ बी बसली होती.

परवा आंग धुताना हाताले पुन्हा लागली. त्याच अंगाले, जराशी वर. बोराच्या बीएवढी. दाबली तं दुखत नाई, हलत बी नाई. म्या दोन दिवस कोनाले सांगितलं नाई. तुह्या भावजीले नाई, प्रवीणले नाई. मंग वाटलं, लपवनाऱ्यायचं काय झालं ते तं माह्या पिशवीत लिवून पडलं हाये.

मंगळवारी पंधरा तारीख हाये. तू घरी ये. स्टँडवर नको थांबू. अंगनातून ये, साऱ्यायच्या समोरून. मी दारातच राहीन.

नागपूरले एकटी नाई जात मी.

इंदू